मॅरेथॉनची पूर्वपरीक्षा

आमच्या व्यायाम मंडळाचा चिटणीस मी धावण्यामुळे झालो नाही, इंग्रजीमुळे झालो. अंधेरीच्या त्या मंडळात दहा-दहा मैल पळणारे होते, दोनशे जोर मारणारे होते, पण शर्यती भरवणाऱ्यांना इंग्रजीत पत्र लिहिणारा कोणी नव्हता. मी तालुक्याच्या गावी शिकून, पुढे शिकवण्या करत बी. ए. झालेला. आमच्या घरात तोवर मॅट्रिकसुद्धा कोणी नव्हतं. मुंबईत सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि अंधेरीला एक खोली घेऊन राहिलो. एका संध्याकाळी मंडळाच्या मैदानाशेजारी नुसता उभा होतो. मी पदवीधर असल्याचं कोणाला तरी कळलं, आणि पुढच्याच बैठकीत मला चिटणीस केलं. मला भरून आलं. पदवीचा उपयोग कचेरीबाहेरही होतो, हे मला तेव्हा प्रथमच दिसत होतं.

पन्नास सालानंतरची ती पहिली एक-दोन वर्षं. आमच्या भागात दर हिवाळ्यात एक मॅरेथॉन होई. अंधेरीहून घोडबंदर रस्त्याने निघायचं, दहिसर ओलांडून तेरा मैलांवरून फिरायचं आणि परत अंधेरीला यायचं. आदल्या वर्षी आमच्या मंडळाचा एक गडी हौसेने उतरला आणि परतताना गोरेगावजवळ, तेविसाव्या मैलाला, रस्त्याच्या कडेला कोसळला. आठ दिवस इस्पितळात होता. त्यामुळे या वर्षीच्या फॉर्मवर आयोजकांनी एक नवा रकाना छापला होता. स्पर्धक ही शर्यत पुरी करण्यास तयार आहे, असं त्याच्या मंडळाच्या चिटणिसाने स्वतः खात्री करून लिहून द्यायचं होतं.

मी बैठकीत रकाना वाचून दाखवला. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मग खात्री करा," अध्यक्ष म्हणाले.

"पण मी कधी पळालेलो नाही."

"तुम्ही बी. ए. ना? पळायला पाय लागतात, खात्री करायला डोकं लागतं."

खरं सांगायचं तर बोलणं पटलंच.

मला परीक्षा माहीत होत्या. आमच्या शाळेत मॅट्रिकआधी प्रिलिम असे आणि तीत जो नापास होई त्याचा फॉर्म हेडमास्तर अडवत. गावात नापास झालेलं चार जणांना कळतं, मॅट्रिकला नापास झालेलं जिल्ह्याला कळतं, असं ते म्हणत. ही पद्धत मला अत्यंत न्याय्य वाटत आली होती. तेव्हा मी मॅरेथॉनसाठी प्रिलिम ठरवली. सलग तीन रविवार अंधेरी ते दहिसर आणि परत, मैलाच्या दगडांप्रमाणे अठरा मैल, अडीच तासांत. तीनपैकी दोनदा जमलं तर फॉर्म सोडायचा. अठराच मैल का, याला कारण होतं. सव्वीसपैकी अठरा म्हणजे जवळजवळ सत्तर टक्के, आणि सत्तर टक्के मिळवणारा मुलगा पुढे नापास झालेला मी पाहिला नव्हता. अडीच तास कुठून आणले ते मात्र आता आठवत नाही. रविवार निवडला तो मला सुटी असते म्हणून. प्रत्यक्ष शर्यत दुपारी तीनला सुटायची होती, पण अभ्यासाला पहाट चांगली असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, म्हणून सकाळी साडेपाचची वेळ ठेवली.

परीक्षेला बसणारा एकच होता. अंधेरीच्या पूर्वेला, स्टेशनापासून दोन मैलांवर जुनं गावठाण होतं, तिथला. पिढ्यानपिढ्यांचे ख्रिस्ती, आणि घरात बोलणं मराठी. वय एकतीस. स्वतःच्या शेतातली भाजी कावडीत घालून तो रोज बाजारात आणी, आणि कावडीसकट दुडक्या चालीने येई, कारण पालेभाजी उन्हात मलूल होते. मॅरेथॉन त्याला याच वर्षी पळायची होती. शेताची जमीन कारखान्यासाठी गेली होती. उभं पीक निघेपर्यंत मुदत मिळाली होती, आणि जमिनीच्या बदल्यात उन्हाळ्यापासून त्याच कारखान्यात त्याला कामाला घेणार होते. पाळीचं काम, रविवारसुद्धा नक्की नाही.

"यंदा नाय तर नाय, मास्तर," तो मला म्हणाला होता. मी मास्तर नव्हतो, पण गावठाणात शिकलेल्या प्रत्येक माणसाला मास्तरच म्हणत.

पहिल्या रविवारी मी सायकल, हातातलं घड्याळ, नवी वही आणि लिंबू-साखरेच्या पाण्याची बाटली घेऊन नाक्यावर हजर झालो. तो आधीच येऊन थांबला होता. वहीत मी आहाराचा रकाना आखला होता, तेव्हा आधी तेच विचारलं.

"सकाळी काही खाल्लंस?"

"नाय. उपास हाय."

मला मनापासून बरं वाटलं. आमच्या घरी उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि वर दोन केळी. एरवीपेक्षा पोट जास्तच भरायचं. आई तर उपासाच्या दुसऱ्या दिवशी सुंठ देई.

"फार चांगलं," मी म्हणालो. "उपास पळायला उत्तम. शेंगदाण्यात ताकद असते."

"शेंगदाणे?"

"मूठभर पुरेत. जास्त नकोत, पित्त होतं."

तो मान खाली घालून बुटाची नाडी बांधू लागला. वहीत मी लिहिलं, ‘आहार : उपास. पुरेसा.’

तो पळाला, मी मागून सायकल मारली. मालाडपर्यंत, बोरिवलीपर्यंत, दहिसरपर्यंत तो असा पळाला की मी मनात फॉर्म भरूनसुद्धा टाकला. परतताना कांदिवली गेली आणि पाय जड झाले. मी बाटली पुढे केली. त्याने मान हलवली. मालाडला पुन्हा पुढे केली.

"मागनं पितो, मास्तर. मागनं."

शेवटच्या दगडाशी घड्याळ पाहिलं. दोन तास एकेचाळीस मिनिटं. मी वही उघडून चुका समजावून सांगणार, तर तो थांबलाच नाही. गावठाणाच्या दिशेने तसाच पळत सुटला. बिचाऱ्याला तोंड दाखवायची लाज वाटली असणार, असं मला वाटलं. प्रिलिमच्या निकालाच्या दिवशी मुलं अशीच मागच्या दाराने जात. वहीत लिहिलं, ‘पाणी नाकारतो. सूचना ऐकत नाही. अपयश मनाला लावून घेतो.’

दुसऱ्या रविवारी दोन तास चव्वेचाळीस. तिसऱ्या रविवारी दोन तास एकोणपन्नास. दोन्ही वेळा उपास, दोन्ही वेळा पाणी नाही, दोन्ही वेळा शेवटच्या दगडावरून तो तसाच पुढे पळत गेला. गडी दर आठवड्याला बिघडत चालला होता. गेल्या वर्षीचा माणूसही असाच बिघडत गेला असेल आणि कोणी मोजलं नसेल. मी मोजलं होतं. फॉर्म अडवायचा, हे त्या रात्री नव्हे, तर तिथेच, सायकलीला पाय टेकून मी ठरवलं, आणि ठरवताना आपण एका माणसाचा जीव वाचवतो आहोत असा माझा अगदी प्रामाणिक समज होता.

फॉर्म आयोजकांच्या कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, कचेरीत पोहोचवायची मुदत आठ दिवसांनी, सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. मधे त्याला हे सांगायचा माझा धीर होईना. शेवटी शनिवारी कचेरी अर्ध्या दिवसाने सुटल्यावर मी गावठाणात गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. वय, कष्ट, कारखान्यातली नवी नोकरी, धडधाकट शरीराचं मोल. ओट्यावर त्याची आई मेथीच्या जुड्या बांधत बसली होती.

"मास्तर ना तू? बस. पोरगा पानी शेंदतोय, येल आता."

मी बसलो. एकदम विषय काढणं बरं दिसेना, म्हणून जेवणाचं विचारलं.

"जेवन? आठवडाभर दोघांचं एकटा जेवतो. रविवारीच काय ते तुझ्यापायी रिकामा पलतो."

"रिकामा कसा? उपासाचं खातो ना काहीतरी?"

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "उपासाचं खातो म्हनजे?"

"म्हणजे उपासाला जे खातात ते."

"उपासाला खातात?"

"आमच्याकडे खातात," मी म्हणालो, आणि नावं सांगू लागलो. खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी. रताळ्यापर्यंत आलो आणि तिचा चेहरा बघून थांबलो.

"मंग उपास कुटं ऱ्हायला रं, मास्तर?"

तिने मला सांगितलं ते असं. आदल्या पावसाळ्यात ती खाटेवर पडली होती. ती उठली तर वर्षभर दर रविवारी मिसेत प्रसाद घेईन, असं मुलगा बोलला होता. मिस म्हणजे त्यांची चर्चमधली प्रार्थना. तिथं प्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही. अन्न नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. तो काळ तसा कडक नियमाचा होता. मिस नऊ वाजता. म्हणजे माझे अठरा मैल कोरड्या घशाने संपवून तो आणखी दोन मैल पळत चर्चला जायचा, गुडघे टेकून बसायचा, आणि मग घरी येऊन पाणी प्यायचा.

इतक्यात तो घागर घेऊन आला. मी उठून उभाच राहिलो.

"अरे, सांगायचं नाहीस का?"

"सांगितला की. पयल्याच दिवशी सांगितला, उपास हाय. तुम्ही बोल्ला, फार चांगलं."

"मी फार चांगलं म्हणालो ते..."

"मना वाटला, परीक्षाच तशी हाय. रिकाम्या पोटी कवर टिकतो ते बघायची. शेंगदान्याचं तेवढं नाय समजलं. पन शिकलेल्या मानसाचं कायतरी असंल, म्हनून गप ऱ्हायलो."

आई हसायला लागली ती थांबेना. "शेंगदाने!" ती मेथीलाच सांगत होती. "पित्त व्हतं!"

मला हसू येत नव्हतं. परीक्षकाच्या चुकीने परीक्षा रद्द झाली होती. पण रद्द म्हणजे पास नव्हे, हेही मला पक्कं ठाऊक होतं. तयार असल्याची खात्री अजून झालीच नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा रविवार. म्हणजे उरला सोमवार, आणि त्याच दिवशी पाचला मुदत. मी किरकोळ रजा टाकायचं ठरवलं. तीन वर्षांच्या नोकरीत आजारपणाशिवाय घेतलेली ती पहिली रजा.

"सोमवारी सकाळी," मी आईला बजावलं, "याला पोटभर खायला घाला."

"पोटभर म्हनजे तुझ्या हिशोबानं का आमच्या?"

"तुमच्या," मी म्हणालो. झाला तेवढा अन्याय पुरे, असं मला वाटत होतं.

तिने शब्दशः पाळलं. सोमवारी तो नाक्यावर आला तेव्हा चेहऱ्यावर तेज होतं आणि बोलताना ढेकर येत होते. तांदळाच्या भाकऱ्या, रविवारचं उरलेलं मटण, सुकटाची चटणी, चार उकडलेली अंडी. मी आहाराच्या रकान्यात सगळं लिहिलं, जागा पुरली नाही. गोरेगावपर्यंत ठीक होतं. त्यापुढे तो पोटावर हात ठेवून पळू लागला, आणि मालाडच्या जरा अलीकडे रस्त्याच्या कडेला वाकला. आईने दिलेलं जवळजवळ सगळं मालाडच्या मातीला मिळालं. गवताच्या गाड्या घेऊन जाणारे गाडीवान बैल थांबवून बघायला लागले.

"काय झालं हो याला?" एकाने मला विचारलं.

"परीक्षा चालू आहे," मी म्हणालो.

तो मैलाच्या दगडावर बसला. मी बाटली पुढे केली. या वेळी त्याने ती घेतली आणि सगळी रिकामी केली. मी घड्याळाकडे बघितलं. बारा मिनिटं गेली, पंधरा गेली. फॉर्म माझ्या सदऱ्याच्या खिशात होता, सहीची जागा सोडून सगळा भरलेला.

"वहीत नापास ना मी?" त्याने विचारलं.

"चार वेळा."

"आता काय?"

"आता मला कळत नाही," मी म्हणालो. बी. ए. झाल्यापासून हे वाक्य मी कोणापुढे उच्चारलं नव्हतं. "गेल्या वर्षीचा आपला माणूस गोरेगावला पडला. तू पडलास तर सही माझी असेल."

"तो पडला, कारन तो बसला नाय. मी गोरेगावला बघाया उभा व्हतो, त्याला बोल्लो, बस घटकाभर. तो बोल्ला, बसलो तर लोक हसतील." त्याने तोंड पुसलं. "माझ्या खांद्यावर रोज दीड मन भाजी असते, मास्तर. कवा बसायचं ते कलत नसतं तर मी कवाच मेलो असतो."

आणि तो उठला. मी काही म्हणण्याआधी पळूही लागला, बोरिवलीच्या दिशेने. मी सायकल हाकत मागे. पुढचे सगळे मैल तो बोलत होता. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुणाच्या वाडीतली वांगी कडू, कुठल्या शेतावर आता कारखाना येणार. कांदिवलीला पाय जड झाले नाहीत. मालाडला, आपल्याच त्या दगडापाशी, तो मला म्हणाला, "इथनं पाय उचलून चला, मास्तर, वास येतो." अंधेरीला पोहोचलो तेव्हा तीन तास दहा मिनिटं झाली होती. चारही वेळांतली सर्वांत वाईट वेळ.

मी नाक्यावरच्या हॉटेलात बसून फॉर्म काढला. स्पर्धक तयार आहे काय? मी ‘होय’ लिहिलं. खाली आणखी एक बारीक रकाना होता, चाचणीत लागलेला वेळ. चार आकडे माझ्या वहीत होते, आणि चारही त्याच्याविरुद्ध साक्ष देत होते. आमच्या कचेरीत ज्या गोष्टीचं वर्णन करता येत नाही किंवा करायचं नसतं, तिच्यासाठी एक शब्द आहे. तो मी सुवाच्य अक्षरात लिहिला. ‘समाधानकारक.’ सही केली, सहीपुढे बी. ए. लिहिलं, आणि पाचाच्या आत फॉर्म देऊन आलो. सरकारी नसला तरी छापील कागदावर मी तोवर कधी खोटं लिहिलं नव्हतं. परतताना सबंध वाट मला गोरेगावचा तो रस्ता दिसत होता.

शर्यत तीन आठवड्यांनी, रविवारी झाली. आयोजकांना लिहिता येणारी माणसं कमी पडत होती, तेव्हा मला तेराव्या मैलाच्या वळणावर बसवलं, प्रत्येक धावणाऱ्याचा क्रमांक टिपायला. तो आला तेव्हा मध्यावर कुठेतरी होता, पुढे दहा-बारा जण, मागे तितकेच. मिस, मग चहा-पाव, मग दुपारी पेज, असा दिवसाचा सगळा हिशोब त्याने स्वतःच ठरवला होता. मला विचारलं नव्हतं. पाण्याचा पेला घेऊन तो उभ्यानेच प्यायला आणि फिरून गेला. शेवटचा माणूस वळेपर्यंत मला जागा सोडता येत नव्हती. तो शेवटचा माणूस फार सावकाश आला.

मग मी सायकल काढली. तेरा मैल. उन्हं उतरत होती आणि रस्त्याच्या कडेला कुठेही चार माणसं एकत्र दिसली की मी पायडल जोरात मारी. दहिसरला होत्या त्या टोपलीवाल्या बायका. बोरिवलीला एक माणूस खाली बसला होता, पण तो पायातला काटा काढत होता. कांदिवलीला आमच्या शर्यतीतलाच एक जण चटईवर आडवा होता. मी उडी मारून जवळ गेलो, तो दुसरा कोणी निघाला आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची आजही लाज वाटते. गोरेगावला बराच मोठा घोळका होता. मी सायकल टाकून आत शिरलो. गाडीचं चाक निखळलं होतं आणि पडलेले नारळ लोक गोळा करून देत होते.

अंधेरीच्या मैदानावर मंडप उतरवायला सुरुवात झाली होती. त्याची आई बाकावर बसली होती. मला बघून तिनेच हाक मारली.

"कुटं ऱ्हायला रं, मास्तर? तो कवाच आला."

तो बाकामागे गवतावर पाय पसरून बसला होता, उजवा पाय घोट्यापासून सुजलेला. गोरेगावला तो दोनदा बसला होता, असं त्याने सांगितलं. लोक हसले का, असं मी विचारलं. हसले, म्हणाला. तेराव्या क्रमांकाने आला होता.

"वेळ किती लागला?"

"मी नाय बघितला. तुमच्याकडं व्हता ना घड्याल."

त्याला चालवेना. आईने फर्मावलं, याला घरी नेऊन सोड. मी त्याला सायकलीच्या मागच्या बैठकीवर बसवलं आणि दोन्ही हातांनी सायकल ढकलत गावठाणाकडे निघालो. ती मागून चालत होती. वाटेत तो मला कोण कुठे पुढे गेला ते सांगत होता, आणि मी ऐकत होतो. गावठाणाआधी एक लांब चढ आहे. अर्ध्यावर मला धाप लागली.

"उतरू का, मास्तर?" त्याने विचारलं.

मी मानेनेच नको म्हटलं. बोलायला दम नव्हता.